एकवीस टक्के

एप्रिल २०२१ मध्ये बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा त्यांच्यासोबत एक यंत्रही घरात आलं. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. तो भाड्याने मिळावा म्हणून मी आणि माझा भाऊ तीन दिवस फोनला चिकटून बसलो होतो. शेवटी एका मुलाने तो स्कूटरच्या पुढ्यात ठेवून आणला, प्लग लावला, बाटलीत पाणी कुठपर्यंत भरायचं ते दाखवलं, सही घेतली आणि पुढच्या घरी पळाला. त्याला दोष नाही, त्या दिवसांत त्याच्याकडे अशा किती सह्या घ्यायच्या असतील कोण जाणे.

आमचं घर म्हणजे पुण्यातला टू बीएचके. बाबांचा पलंग हॉलमध्ये, यंत्र हॉलमध्ये आणि देवघरही हॉलमध्येच. संध्याकाळी सात वाजता आईने सवयीप्रमाणे नीरांजन लावलं. बाबांच्या उशीपासून फार तर चार फुटांवर.

"आई, ते विझव आधी."

"अरे, घरात आजारपण असताना देवापुढचा दिवा विझवायचा?"

"अगं, तिथे ऑक्सिजन चालू आहे."

"मग? ऑक्सिजन हवेत असतोच की."

आईने तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे हा प्रश्न भाबडा नव्हता. मी नीरांजन उचलून स्वयंपाकघरात नेलं, ती दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली, आणि मला जाणवलं की मी घाबरलो होतो पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा सावरल्यावर उत्तर शोधायला बसलो, त्यात बरेच शनिवार-रविवार गेले. शोधताना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसं झालं. जीवाश्मवाले, अंतराळवाले, भूलतज्ज्ञ, अग्निशमनवाले. सगळे एकाच आकड्याबद्दल बोलत होते आणि बहुतेक वेळा एकमेकांना ऐकू येत नव्हतं.

तो आकडा म्हणजे २१. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के असतो, सोयीसाठी एकवीस म्हणू. उरलेला जवळजवळ सगळा नायट्रोजन.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण तो माझाही होता. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. जळतो तो कापूस, लाकूड, प्लास्टिक, केस. ऑक्सिजन जळायला मदत करतो. नायट्रोजन मात्र काहीच करत नाही, आणि त्याचं हे काहीच न करणं फार उपयोगाचं आहे. ज्योतीतून निघालेली उष्णता शेजारच्या कापसाला पेटवायला निघते, तेव्हा वाटेत तिला नायट्रोजनचे रेणूही तापवावे लागतात. चार भाग नायट्रोजनला एक भाग ऑक्सिजन म्हणजे बहुतेक उष्णता फुकट तापणाऱ्या पाहुण्यांवरच खर्च होते. नायट्रोजन कमी करा, तीच ठिणगी पुरेशी होते, तीच आग जास्त वेगाने पसरते, जास्त गरम होते. हवेत नुसतं धुमसणारं कापड भसकन पेटतं. अग्निसुरक्षेच्या अमेरिकन नियमांत २३.५ टक्क्यांच्या वरची हवा 'ऑक्सिजनने समृद्ध' म्हणजे धोक्याची धरतात. एकवीस आणि साडेतेवीस. अंतर एवढंच.

हे कळायला काही एकविसावं शतक उजाडावं लागलं नाही. १ ऑगस्ट १७७४ रोजी जोसेफ प्रीस्टलीने भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती धरली. ती विलक्षण जोरात जळली. (स्वीडनच्या शीलंने हा वायू त्याच्या आधीच मिळवला होता, पण त्याचं पुस्तक उशिरा आलं. पब्लिश करायला उशीर करू नये हा धडा तेव्हापासूनचा.) प्रीस्टलीने स्वतः तो वायू हुंगून पाहिला, छाती हलकी वाटली. औषध म्हणून तो कामाला येईल असं त्याने लिहिलं आणि लगेच शंकाही लिहिली की मेणबत्ती यात भराभर संपते, तसे आपणही भराभर संपणार नाही ना. म्हणजे ऑक्सिजनच्या पहिल्याच वर्णनात दवाखाना आणि आग शेजारी शेजारी बसलेत.

मग हा आकडा एकवीसच का? तीस का नाही? हा प्रश्न १९७० च्या दशकात अँड्र्यू वॉटसन नावाच्या तरुण संशोधकाने घेतला. जेम्स लव्हलॉक त्याचे मार्गदर्शक. त्याने वेगवेगळ्या प्रमाणात ऑक्सिजन असलेल्या हवेत कागदाच्या पट्ट्या पेटवल्या, कोरड्या आणि ओल्या. ऑक्सिजन थोडासा वाढवला तरी ओल्या पट्ट्याही पेटायला लागल्या. १९७८ मध्ये त्याने लव्हलॉक आणि लिन मार्ग्युलिस यांच्याबरोबर निबंध लिहिला. म्हणणं असं की ऑक्सिजन २५ टक्क्यांच्या वर गेला असता तर पृथ्वीवर जंगलं टिकलीच नसती.

हे जरा जास्तच झालं होतं. कागद म्हणजे जंगल नव्हे. २००४ मध्ये दुसऱ्या गटाने पाइनच्या लाकडावर प्रयोग केले, तेव्हा लक्षात आलं की खरं, ओलं, जाडजूड लाकूड कागदापेक्षा बरंच दम धरतं. खालच्या टोकाचंही उत्तर मिळालं. २००८ मध्ये क्लेअर बेल्चर आणि जेनिफर मॅकएलवेन यांनी दाखवलं की साधारण १५ टक्क्यांच्या खाली वणवा पसरूच शकत नाही. त्यामुळे ज्या काळातल्या खडकात जळक्या लाकडाचा कोळसा सापडतो, त्या काळी हवेत किमान तेवढा ऑक्सिजन होता असं म्हणता येतं. जुनी राख हे एक प्रकारचं लॉगफाईल झालं. तीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या दगडी कोळशात हा जळका कोळसा भरपूर सापडतो. त्या काळी ऑक्सिजन तीस टक्क्यांच्या आसपास असावा असा अंदाज आहे. त्याच जगात हातभर पंखांचे चतुर उडत होते आणि दलदलीतली झाडंही पेटत होती.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. आपल्याला माहीत असलेल्या सगळ्या ग्रहांत आग लागू शकते असा ग्रह एकच. मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन एक टक्कासुद्धा नाही. तिथे काडी पेटणार नाही. पृथ्वीवर शेवाळ, जंगलं, वणवे आणि खडक यांनी मिळून कोट्यवधी वर्षांत जी सेटिंग लावून ठेवली आहे, तिच्यात आपण आणि आपल्या चुली दोन्ही सुखाने राहतो.

ही सेटिंग माणसाने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बदलली ती दोन ठिकाणी, ऑपरेशन थिएटरमध्ये आणि अंतराळयानात. आधी यानाचं सांगतो.

मर्क्युरी, जेमिनी आणि अपोलो या तिन्ही यानांत अमेरिकेने शुद्ध ऑक्सिजन वापरला. तो वेडेपणा नव्हता. अंतराळात केबिनचा दाब फक्त ५ पीएसआय ठेवायचा होता, समुद्रसपाटीला १४.७ असतो. दाब कमी म्हणजे भिंती पातळ, यान हलकं. नायट्रोजन नको म्हणजे एक टाकी कमी, व्हॉल्व्ह कमी, दोन वायूंचं प्रमाण सांभाळणारी यंत्रणा नको. शिवाय कमी दाबाच्या अंतराळपोशाखात शिरताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची भीती नाही. कुठल्याही इंजिनियरला हे डिझाइन आवडेल, मलाही आवडलं असतं. आणि पाच पीएसआयला शुद्ध ऑक्सिजन असला तरी फुप्फुसाला तो आपल्या नेहमीच्या हवेपेक्षा थोडासाच जास्त मिळतो.

घोळ होता तो जमिनीवर. बाहेरची हवा आत शिरू नये आणि केबिन घट्ट बंद आहे याची खात्री व्हावी म्हणून उड्डाणापूर्वी यानात बाहेरच्यापेक्षा जास्त दाब ठेवायचे. तोही शुद्ध ऑक्सिजनचाच. २७ जानेवारी १९६७ रोजी फ्लोरिडात लाँच पॅड ३४ वर अपोलोच्या केबिनमध्ये १६.७ पीएसआय दाबाने शुद्ध ऑक्सिजन भरला होता. आपल्या हवेतल्या ऑक्सिजनच्या पाचपटीहून जास्त. आत व्हेल्क्रोच्या पट्ट्या, नायलॉनच्या जाळ्या, फोमच्या गाद्या, मैलोगणती वायरी आणि तीन माणसं. गस ग्रिसम, एड व्हाइट, रॉजर चॅफी.

रॉकेटमध्ये इंधन नव्हतं. म्हणून कागदोपत्री ही चाचणी 'धोकादायक नाही' या गटात होती. म्हणून आग विझवणारी, सोडवणारी, उपचार करणारी पथकं तयारीत नव्हती. दुपारपासून संपर्कात खरखर होती, चाचणी रेंगाळली होती. ग्रिसम वैतागला होता, दोन-तीन इमारतींमध्ये बोलता येत नाही आणि निघालोय चंद्रावर. संध्याकाळी ६.३१ ला आतून आगीची सूचना आली. साधारण पंधरा सेकंदांत आतला दाब इतका वाढला की केबिन फुटली. आतलं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. सगळं सुरळीत असताना ते उघडून बाहेर यायला दीड मिनिट लागायचं, आणि वाढलेल्या दाबाने तर ते चौकटीवर असं दाबून धरलं की कुणाच्याही बापाला उघडलं नसतं. बाहेरचे लोक धुरात पडत-झडत दारं उघडेपर्यंत पाच मिनिटं गेली होती.

आता ज्या भागाने माझी झोप उडवली तो.

हे माहीत होतं. 'कुणाला कल्पनाच नव्हती' असं म्हणायची सोय नाही. १९६२ मध्ये टेक्सासमधल्या ब्रूक्स हवाई दल तळावर ऑक्सिजन भरलेल्या प्रायोगिक केबिनला आग लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नौदलाच्या प्रयोगशाळेत असाच प्रकार झाला. आतल्या माणसाने बल्ब बदलला, वायरीच्या आवरणाने पेट घेतला, तो विझवायला टॉवेल टाकला तर टॉवेल पेटला, मग कपडे पेटले. चौघे भाजले, जीव वाचले. १९६५ मध्ये नौदलाच्याच पाणबुड्यांच्या चेंबरमध्ये दोघे जळून गेले. आणि १९६४ मध्ये नासाने स्वतः एक अभ्यास छापला होता. लव्हलेस फाउंडेशनचे डॉ. इमॅन्युएल रॉथ यांचा, यानातल्या हवेमुळे होणाऱ्या आगीच्या आणि स्फोटाच्या धोक्यांवरचा. तो काही गुप्त नव्हता. नंबर घालून, मुखपृष्ठ लावून, वाटलेला होता.

पुढचं तर आणखी वाईट. सप्टेंबर १९६६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या हिलियर्ड पेज यांनी अपोलो यानाचे प्रमुख जो शे यांना पत्र लिहून नेमका हाच धोका कळवला. शे यांच्या उत्तराचा मतितार्थ असा की प्रश्न चिकट आहे खरा, पण आग लागूच नये याची पुरेशी काळजी घेतलीय, लागलीच तर मात्र अवघड आहे. त्याआधी ऑगस्टमध्ये तिन्ही अंतराळवीरांनी शे यांना एक फोटो भेट दिला होता. यानाच्या छोट्या मॉडेलपुढे तिघेही हात जोडून, डोळे मिटून बसलेत. थट्टाच होती. केबिनमधल्या पेटणाऱ्या वस्तू काढा असं शे यांनी सांगितलंही होतं. ते काढून झालं की नाही, हे नीट पाहिलं गेलं नाही.

मी बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. हा पत्रव्यवहार वाचताना मला घाम फुटला, कारण असं उत्तर मी स्वतः दिलेलं आहे. धोका मान्य, शक्यता कमी, पुढच्या रिलीजमध्ये बघू. आणि आमच्याकडे फार तर सर्व्हर पडतो. शे यांच्याकडे पुरावाही होता ना! मर्क्युरीची सहा आणि जेमिनीची दहा अशी सोळा मानवी उड्डाणं शुद्ध ऑक्सिजनवर झाली होती आणि कुठेही आग लागली नव्हती. फ्रँक बोरमन हा अंतराळवीर चौकशी मंडळावर होता. त्याने अमेरिकन संसदेत सरळ सांगितलं की जमिनीवरच्या या चाचणीत आग लागेल असा आपल्यापैकी कुणी गांभीर्याने विचारच केला नव्हता.

इथे रशियाची गोष्ट हमखास सांगितली जाते. २३ मार्च १९६१ ला, गागारिनच्या उड्डाणाआधी तीन आठवडे, व्हॅलेंटिन बोंदारेंको हा २४ वर्षांचा उमेदवार मॉस्कोत जास्त ऑक्सिजनच्या बंद खोलीत एकांतवासाची चाचणी देत होता. अंगावरचे सेन्सर काढून स्पिरिटच्या बोळ्याने त्वचा पुसली, बोळा फेकला, तो नेमका विजेच्या शेगडीवर पडला. आतल्या-बाहेरच्या दाबातल्या फरकामुळे दार उघडायला वेळ लागला. तो गेला. सोव्हिएत सरकारने हे १९८६ पर्यंत लपवलं. त्यांनी वेळीच सांगितलं असतं तर अपोलोचे तिघे वाचले असते, असं बरेच जण लिहितात. मला ते पटत नाही. घरच्याच आगी घरच्याच कपाटात फायलीत होत्या, तिथे मॉस्कोहून आलेलं पत्र कुणी वाचलं असतं?

अपोलोच्या आगीनंतर चारच दिवसांनी, ३१ जानेवारी १९६७ ला, ब्रूक्स तळावरच्या शुद्ध ऑक्सिजनच्या खोलीत पुन्हा आग लागून हवाई दलाचे दोन जवान मेले. चार दिवस! वर्तमानपत्रांत पहिल्या आगीशिवाय दुसरं काही नव्हतं तेव्हा.

चौकशीत नेमकी ठिणगी कुठे पडली ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, पण मंडळाने ठिणगीला फार महत्त्व दिलं नाही हे मला शहाणपणाचं वाटतं. सीलबंद केबिन, दाबाखालचा ऑक्सिजन, पेटणारं सामान, नाजूक वायरिंग आणि न उघडणारं दार, एवढं जमून आल्यावर ठिणगी कुठूनही आली असती. त्यानंतर दार बाहेर उघडणारं झालं, काही सेकंदांत उघडेल असं. नायलॉनच्या जागी काचतंतूंचं न पेटणारं कापड आलं. आणि लाँच पॅडवर केबिनमध्ये ६० टक्के ऑक्सिजन, ४० टक्के नायट्रोजन भरायचं ठरलं. वर गेल्यावर दाब उतरवत हळूहळू शुद्ध ऑक्सिजनवर यायचं.

तरी एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ ची टाकी फुटलीच. तीही ऑक्सिजनची. टाकीतल्या हीटरचे स्विच २८ व्होल्टचे, जमिनीवरचा पुरवठा ६५ व्होल्टचा. स्पेसिफिकेशन बदललं, स्विच बदलले नाहीत. उड्डाणापूर्वी टाकी रिकामी करताना हीटर तासन्‌तास चालू राहिला, स्विच चिकटले, आतल्या वायरींवरचं टेफ्लॉन भाजून गेलं. मग अंतराळात ठिणगी पडली. जे टेफ्लॉन आपण न जळणारं म्हणून कौतुकाने वापरतो ते शुद्ध ऑक्सिजनमध्ये जळतं. लोखंड, ॲल्युमिनियमही जळतं. म्हणून तर ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही आणि व्हॉल्व्ह हळू उघडायचा, कारण भसकन सोडलेला वायू दाबला जाऊन स्वतःच तापतो. वेल्डिंगच्या दुकानात नवीन पोऱ्याला पहिल्या दिवशी हे सांगतात.

दवाखान्याची गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरची भूल जाहीरपणे दिली गेली. ईथर पेटणारं. १९३० च्या दशकात सायक्लोप्रोपेन आलं, ते तर स्फोटकच. त्यामुळे त्या पिढीचे भूलतज्ज्ञ आगीला विलक्षण घाबरून असत. स्थिर वीज साठू नये म्हणून वीज वाहून नेणारी फरशी, खास रबराचे बूट, हवेत दमटपणा राखायचा, नायलॉनचे कपडे नकोत. १९५६ मध्ये हॅलोथेन वापरात आलं. ते पेटत नाही. पुढच्या वीस-तीस वर्षांत फरश्या गेल्या, बूट गेले आणि ती भीतीही गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर बग फिक्स झाला म्हणून टेस्ट केसच डिलीट केली.

पण त्रिकोणातली एकच बाजू गेली होती. ऑक्सिजन होताच, आणि शस्त्रक्रियेत विजेने रक्तवाहिन्या बंद करणारं यंत्र सर्रास आलं होतं. चेहऱ्यावर किंवा मानेवर छोटी शस्त्रक्रिया, रुग्ण अर्धवट गुंगीत, नाकाला नळी, वर कापड पांघरलेलं, त्या कापडाखाली ऑक्सिजन साठतोय, त्वचेवरचं स्पिरिट अजून पुरतं वाळलेलं नाही, आणि सर्जनने विजेची पेन्सिल टेकवली. २०१० च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला ५५० ते ६५० अशा आगी लागतात असा अंदाज दिला जायचा. उपाय फार साधे निघाले. स्पिरिट वाळेपर्यंत थांबा, शक्य असेल तर ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली ठेवा, आणि यंत्र वापरण्यापूर्वी सर्जनने भूलतज्ज्ञाला मोठ्याने सांगा. मुख्य अडचण हीच होती की ऑक्सिजन एकाच्या हातात आणि ठिणगी दुसऱ्याच्या, आणि दोघांच्या मध्ये कापडाचा पडदा.

आता परत एप्रिल २०२१. आमच्या घरात यंत्र आलं त्याच आठवड्यातल्या तारखा नंतर मांडून पाहिल्या. २० एप्रिलला मंगळावर पर्सिव्हरन्स रोव्हरमधल्या मॉक्सी या उपकरणाने तिथल्या कार्बन डायऑक्साइडपासून पहिल्यांदा ऑक्सिजन बनवला. सव्वापाच-साडेपाच ग्रॅम, एका अंतराळवीराला दहा मिनिटं पुरेल इतका. २१ एप्रिलला नाशिकच्या रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब पडला आणि त्याच दिवशी २२ रुग्ण गेले. २३ एप्रिलच्या पहाटे विरारमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, १३ जण गेले, नंतर आकडा वाढला. २४ एप्रिलला बगदादमध्ये कोविड रुग्णालयाला आग, ८० हून जास्त मृत्यू. त्याआधी जानेवारीत भंडाऱ्याला नवजात बाळांच्या कक्षात दहा बाळं गेली होती, आणि पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अतिदक्षता विभागात अकरा रुग्ण गेले. यातल्या प्रत्येक ठिकाणी आग का लागली हा चौकशीचा आणि कोर्टाचा विषय. मला बघायचं होतं ते वॉर्डच्या हवेचं गणित, आणि ते कुणालाही करता येतं.

दहा खाटांचा बंद वॉर्ड घ्या, आतली जागा २०० घनमीटर. प्रत्येक रुग्णाला नाकातून जोराने ऑक्सिजन देणारं यंत्र, पूर्ण क्षमतेला मिनिटाला ६० लिटर. पडून असलेला माणूस त्यातला मिनिटाला जेमतेम पाव लिटर वापरतो. बाकी सगळा नाकातोंडातून खोलीत. दहा खाटांचा मिळून तासाला ३६ घनमीटर. बाहेरची ताजी हवा अजिबात येत नसेल (आणि आपला भिंतीवरचा स्प्लिट एसी ताजी हवा आणत नाही, आतलीच फिरवतो) तर साडेतेवीस टक्क्यांची रेषा साधारण अकरा मिनिटांत ओलांडली जाते. तासाभरात चौतीस टक्के. खऱ्या वॉर्डात दारं उघडतात, फटी असतात, सगळी यंत्रं पूर्ण जोरात नसतात, त्यामुळे इतकं होत नाही. पण तासाला सहा वेळा हवा बदलली तर काय होतं तेही काढून पाहिलं, २३.३ टक्के. रेषेच्या जेमतेम खाली. म्हणजे एक्झॉस्ट फॅन ही तिथली चैन नाही, तो व्हेंटिलेटरइतकाच महत्त्वाचा भाग आहे. २०२० च्या आधी बांधलेले बहुतेक वॉर्ड दहा माणसांना एकदम एवढा ऑक्सिजन लागेल हे धरून बांधलेलेच नव्हते. इंजिनियरने वायरिंग मोजलं, डॉक्टरने प्रवाह ठरवला, खोलीची हवा कुणाच्याच खात्यात नव्हती.

(तो चौतीस आकडा पाहून मी दचकलो, कारण नासाने चंद्रावरच्या पुढच्या घरांसाठी जी हवा सुचवली आहे तिच्यातही ऑक्सिजन ३४ टक्केच आहे, ८.२ पीएसआय दाबाला. कारणं तीच जुनी, पोशाखात पटकन शिरता यावं. फरक असा की या वेळी आगीचा अभ्यास आधी चाललाय. २०१६ ते २०२४ या काळात त्यांनी सामान उतरवून रिकाम्या झालेल्या मालवाहू यानांमध्ये मुद्दाम आगी लावून पाहिल्या.)

आणि आईचा प्रश्न? तिचं अर्धं बरोबर निघालं, हे मला कबूल करावं लागलं. कॉन्सन्ट्रेटर बाहेरून ऑक्सिजन आणत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, नायट्रोजन वेगळा करून खोलीतच सोडतो आणि ऑक्सिजन नळीतून देतो. त्यामुळे आमच्या हॉलमधला एकूण आकडा एकवीसच राहणार होता. धोका होता तो नळीपाशी, जिथे नव्वद टक्क्यांच्या वर ऑक्सिजन वाहत होता. उशीत, शालीत, दाढीत तो मुरतो आणि यंत्र बंद केल्यावरही काही मिनिटं रेंगाळतो. नळी स्वतः प्लास्टिकची, पेटली तर वातीसारखी नाकाच्या दिशेने जळत जाते. ब्रिटनमध्ये घरगुती ऑक्सिजनच्या नळीत आग तोडणारा छोटा भाग बसवणं सक्तीचं आहे. नाक कोरडं पडलं म्हणून आम्ही बाबांना व्हॅसलीन लावत होतो, तेही चूक, पाण्यात विरघळणारं मलम हवं. दिवा किमान दहा फूट लांब हवा. हॉल जेमतेम पंधरा फुटांचा.

हे सगळं आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तेव्हाच नीट सांगायचंस, ओरडलास कशाला?"

यंत्राचं पुस्तिकेचं पाकीट मी यंत्र परत करायच्या दिवशी उघडलं. पहिल्या काही पानांतच काट मारलेल्या ज्योतीचं चित्र होतं आणि बारीक अक्षरात, इंग्रजीत, यातलं जवळजवळ सगळं लिहिलेलं होतं.

ते यंत्र भाडेवाल्याकडे गेलंच नाही, त्याच्या परवानगीने खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलं, काकांसाठी. नेऊन लावताना मी त्याच्यावर मराठीत मोठ्या अक्षरात कागद चिकटवला. काकूंनी चष्मा लावून तो सगळा वाचला.

"उदबत्तीसुद्धा नको?"

"उदबत्तीसुद्धा नको काकू. दिवा गॅलरीत लावा."

"वाऱ्याने विझेल रे तिथे."

तेव्हा आईने वरून काच असलेला जुना कंदील आणून दिला.